उमरावाची दुसरी बायको

कॅनडात, टोरांटोजवळच्या ओकव्हिलला कायमची राहायला आले, तेव्हा माझ्याकडे वेळ भरपूर होता आणि काम काहीच नव्हतं. नाशिकच्या एका शाळेत मी आयुष्यभर इतिहास शिकवला. मिस्टर गेल्यावर फ्लॅटला कुलूप लावलं आणि लेकीकडे आले. लेक आणि जावई दोघंही सॉफ्टवेअरमधले, नात हायस्कूलला. सकाळी घर रिकामं व्हायचं ते संध्याकाळपर्यंत. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन वाळवायचं, आणि भाजी निवडावी म्हटलं तर इथे ती निवडलेलीच मिळते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. लेक माझ्या पोटची नाही. मी तिशी उलटल्यावर लग्न केलं ते बिजवराशी, आणि तेव्हा ती तिसरीत होती. ती मला मावशी म्हणते. इथल्या लोकांशी ओळख करून देताना मात्र म्हणते, ‘धिस इज माय मॉम,’ आणि लगेच माझ्याकडे वळून, ‘मावशी, ही माझी मॅनेजर.’ समोरच्याला त्यातलं काही कळत नाही. आम्हा दोघींना त्यात काही खटकत नाही.

म्युझियमची कल्पना तिचीच.

“अगं मावशी, तू दिवसभर हीटिंगचा आवाज ऐकत बसतेस. टोरांटोला व्हॉलंटिअर म्हणून अप्लाय का करत नाहीस? त्यांना टूर देणारी माणसं हवी असतात.”

“मला घेतील?”

“तू उन्हाळ्यात, दुपारच्या तासाला, आठवीच्या वर्गाला जागं ठेवायचीस. त्यांना अजून काय पाहिजे?”

मलाही ते पटलं. माझ्या इंग्रजीचे उच्चार नाशिकचे आहेत आणि तसेच राहतील, पण ऐकणाऱ्याला धरून ठेवायचं कसं हे मला येतं. मुलाखतीत त्यांनी गृहीतच धरलं होतं की मी भारताचं दालन मागणार. मी म्हटलं, “भारत मी पुष्कळ शिकवला. दुसरं काहीतरी द्या.” समोरची बाई हसली. अशा रीतीने मध्ययुगीन इंग्लंडचा एक उमराव माझ्या वाट्याला आला.

उमराव म्हणजे त्याची कबर, आणि तीही खरी नाही. खरी कबर इंग्लंडातल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये आहे. कधीकाळी कोणीतरी तिचा साचा घेऊन प्लास्टरमध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती केली आणि ती फिरत फिरत इथे पोचली. चौथऱ्यावर उमराव चिलखत घालून उताणा झोपलेला, हात जोडलेले. शेजारी त्याची बायको, तिचेही हात जोडलेले. त्याच्या पायाशी सिंह, तिच्या पायाशी कान पाडलेलं एक छोटं कुत्रं. कुत्र्याच्या गळ्यातले घुंगरूसुद्धा मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. शाळेची मुलं आली की आधी कुत्र्याकडे धावायची.

मला पाठ करायला दिलेल्या मजकुरात लढायाच लढाया होत्या. हा उमराव राजाबरोबर फ्रान्सला गेला, तिथे लढला, पकडला गेला, सुटून आला, पुन्हा गेला. बायकोबद्दल पाटीवर दोनच शब्द होते, ‘आणि पत्नी’. पहिले काही आठवडे मी तेवढंच सांगितलं. मग एकदा एका शाळेच्या सहलीतल्या मुलीने विचारलं, “ही एवढी तरुण कशी आणि तो एवढा म्हातारा कसा?”

मी वळून पाहिलं. रोज बघत होते, पण लक्षात आलं नव्हतं. त्याच्या तोंडाभोवती सुरकुत्या कोरलेल्या होत्या, गाल बसलेले होते. ती जेमतेम पंचविशीची दिसत होती. मी त्या मुलीला म्हटलं, “मला माहीत नाही. विचारून ठेवते. तुमच्या टीचरना ईमेल करते.” वर्गात मी हे कायम करत आले. येत नसेल तर येत नाही म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन जायचं.

त्या दालनाची क्युरेटर माझ्या लेकीच्या वयाची, उंच, हातात सदा कॉफीचा मग. मी प्रश्न विचारल्यावर तिने मग खाली ठेवला. “कोणीतरी विचारलं म्हणायचं,” ती म्हणाली. मग तिने मला त्या माणसाची सगळी हकीकत सांगितली. नंतर दोन जाड पुस्तकंही वाचायला दिली. त्यातलं मला जे महत्त्वाचं वाटलं, ते असं.

उमराव लहान असतानाच त्याचा बाप लढाईत मेला. त्या काळच्या रीतीप्रमाणे पोर आणि पोराची जमीन राजाच्या ताब्यात गेली आणि राजाने दोन्ही एका बड्या सरदाराच्या हवाली केली. पोराचं लग्न कोणाशी लावायचं तेही त्या सरदारानेच ठरवायचं. त्याने ते आपल्याच मुलीशी लावून टाकलं. नवरा बारा वर्षांचा, नवरी दहाची. हे वाचून मला काही धक्काबिक्का बसला नाही. आमच्याकडच्या सरदारांच्या घरात वेगळं काय होत होतं? मोठी झाल्यावर दोघं एकत्र राहू लागली. तिला पाच मुलं झाली, त्यांतली दोन जगली, एक मुलगा आणि एक मुलगी. शेवटच्या बाळंतपणात ती गेली. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

वर्षाच्या आत उमरावाने दुसरं लग्न केलं. ही एका लढवय्याची विधवा, मूलबाळ नसलेली, वयाने थोराड. लग्न झालं आणि उमराव फ्रान्सला गेला तो तिथे कैदच झाला. मागे किल्ला, माणसं, धान्य, गुरं, कोर्टकचेऱ्या सगळं हिने सांभाळलं. मुलगा रीतीप्रमाणे दुसऱ्या सरदाराच्या घरी वाढत होता. चार वर्षांची मुलगी मात्र हिच्यापाशी होती. हिनेच तिला वाढवलं, हिनेच तिचं लग्न पाहिलं. बाप सुटून आला, पुन्हा निघाला तेव्हा मुलगा त्याच्याबरोबर गेला आणि तिथे तापाने मेला. बाप परत आला तो खचूनच, आणि काही वर्षांत तोही गेला.

“मग ही कबर बांधली कोणी?” मी विचारलं.

“दुसऱ्या बायकोने. त्याबद्दल शंका नाही.”

“आणि शेजारी झोपलेली?”

“पहिली. तिच्या माहेरचं चिन्ह तिच्या झग्यावर आहे, बघा. ती पंचविशीत गेली म्हणून पंचविशीची कोरली.”

“आणि दुसरी कुठे आहे?”

“त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. लांबच्या एका नन्सच्या मठात पुरली तिला. मठ पुढे पाडला. आता तिथे शेत आहे.”

मी गो ट्रेनने, म्हणजे इथल्या लोकलने, घरी आले. खिडकीतून डाव्या हाताला मधूनमधून तलाव दिसतो, पण त्या दिवशी मी तो पाहिला नाही. एक बाई स्वतः उभं राहून नवऱ्याची कबर घडवून घेते आणि त्याच्या शेजारची जागा सवतीला देते, हे माझ्या डोक्यातून जाईना. मला त्याचं कारण कळल्यासारखं वाटत होतं, आणि तेच मला धोक्याचं वाटत होतं. इतिहास शिकवणाऱ्याने सगळ्यात आधी आपल्याला कळल्यासारखं वाटतं त्यावर संशय घ्यावा.

माझं लग्न झालं, त्या आठवड्यात सासूबाईंनी माझ्यासमोर एक चांदीचा टाक ठेवला होता. नखाएवढा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. दुसरेपणावर आलेल्या बाईने सवतीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. गेलेली रागावू नये, संसारात विघ्न आणू नये म्हणून. मी त्यांना म्हटलं, “आई, मी शाळेत इतिहास शिकवते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.”

त्या शांतपणे म्हणाल्या, “विश्वास माझाही नाही फारसा. तिच्या भीतीने नको घालूस. पोरीकडे बघून घाल.”

पोर दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी टाक उचलला आणि मंगळसूत्रात ओवून घेतला. मनापासून घातला असं म्हणणार नाही. पहिली एक-दोन वर्षं तो मला टोचायचाच. शाळेच्या स्टाफरूममध्ये बायका विचारायच्या, आणि मी तो पदराआड सरकवायचे. पण संध्याकाळी पोर अभ्यासाला माझ्याजवळ बसायची आणि पाढे म्हणता म्हणता तो टाक दोन बोटांत धरून उलटा-सुलटा करायची. सातच्या पाढ्यात अडली की तो तोंडातही घालायची. मी रागवायचे, “अगं, उष्टा करू नकोस.” ती सोडायची आणि थोड्या वेळाने पुन्हा धरायची. हळूहळू तो मला टोचायचा थांबला. तिच्या लग्नात मी तो काढून तिला दिला. आता तो तिच्या कपाटात कानातल्यांच्या डबीत असतो.

पुढच्या वेळी मी क्युरेटरला हे सांगितलं. तिला टाक म्हणजे काय ते समजावताना मला हाताने आकार करून दाखवावा लागला. तिने फार लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, “सुंदर आहे. पण इथे कारण वेगळं असू शकतं. मुलगा मेल्यावर सगळी जमीन या मुलीकडे येणार होती, आणि उमरावाचा पुतण्या त्यावर हक्क सांगत होता. शिवाय बरीचशी जमीन मूळची पहिल्या बायकोच्या माहेरची. मुलीचा हक्क पक्का दिसायला हवा, तर मुलीची आई बापाशेजारी दगडात दिसायला हवी. गावातला प्रत्येक माणूस दर रविवारी ते बघणार.”

“म्हणजे कबर म्हणजे सातबाराच,” मी मराठीतच म्हणाले. मग तिला सातबारा समजावला. तो तिला टाकापेक्षा लवकर कळला.

“पण,” मी म्हटलं, “ती मुलीच्या हक्कासाठी एवढी का झटली? तिची स्वतःची तर नव्हती.”

“ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.”

“नाही ना? मग मी तसंच सांगते. एवढं माहीत आहे, एवढं माहीत नाही, आणि मला काय वाटतं ते हे.”

ती म्हणाली, “तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवणार असाल तर सांगा.”

मी टूर बदलली. लढाया कमी केल्या आणि सुरुवात चार वर्षांच्या मुलीपासून केली. लोक थांबायला लागले. पूर्वी ते चिलखताचे फोटो काढून पुढे सरकायचे. आमच्यात एक जुने व्हॉलंटिअर होते, निवृत्त वकील, कित्येक वर्षं तेच हे दालन दाखवत आलेले. त्यांना हे रुचलं नाही. लंचरूममध्ये ते सौम्यपणे म्हणाले, “लोक इथे चिलखतातले नाइट बघायला येतात. तुम्ही त्यांना घरगुती मालिका दाखवताय.”

मी म्हटलं, “त्याच्या आयुष्यातली बरीच वर्षं तो घरी नव्हताच. घराची गोष्ट सांगायची तर घरी जी होती तिचीच सांगावी लागते. तुम्ही एकदा ऐका, मग बोलू.”

ते खरोखर आले. मागे उभं राहून सगळं ऐकलं. शेवटी मला म्हणाले, “फ्रान्समधली कैद तुम्ही फार घाईत उरकता.” ते बरोबर होतं. मी त्यांच्याकडून कैदेचा भाग नीट समजून घेतला आणि टूरमध्ये घातला. आमची दोस्ती तेव्हापासूनची. आता ते मला भेटले की विचारतात, “सासूबाई कशा आहेत किल्ल्यावरच्या?” उमरावाच्या गोष्टीत सासू कुठेच नाही हे त्यांना माहीत असूनही.

हिवाळ्यात आमच्या भागातल्या मराठी मंडळींनी ठरवलं की एका शनिवारी म्युझियममध्ये मराठीतून टूर करायची. मार्कहॅमहून, मिसिसागाहून माणसं आली. आदल्या दिवशी चिक्कार बर्फ पडला होता. सकाळी जावयाने ड्राइव्हवे शोव्हल केला आणि लेकीने मला गाडीतून आणलं. नातही होती, कानात इअरफोन घालून. लेक माझ्या टूरला पहिल्यांदाच येत होती. तिला मी उमरावाबद्दल जेवताना बारीकसारीक सांगायचे, पण कबर कोणी बांधली हे का कोण जाणे, सांगितलं नव्हतं.

मराठीतून बोलताना मला वेगळीच धार आली. ‘वॉर्ड’ म्हणजे राजाच्या ताब्यातलं पोर, हे समजावताना इंग्रजीत चार वाक्यं लागायची. इथे ‘पोरका वारस आणि त्याच्यावर टपलेले पालक’ म्हटलं की सगळ्यांच्या माना हलल्या. आमच्यात कोणाच्या ना कोणाच्या घरात असा पुतण्या असतोच. मी गोष्टीच्या शेवटाला आले. कबर दुसरीने बांधली, शेजारी पहिलीला निजवलं, आणि स्वतः लांबच्या शेतात कुठेतरी मातीत गेली, हे सांगितलं. मग जमिनीचं कारण सांगितलं, आणि मग मला काय वाटतं ते, की तिने हे पोरीकडे बघून केलं.

पुढे उभ्या असलेल्या एका काकांनी मान हलवली. निवृत्त इंजिनिअर, मुलाकडे आलेले. “तुमचं सांगणं छान आहे हो ताई, पण सावत्र आई एवढं मायेपोटी करत नसते. जमिनीचंच असणार.”

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मला ओळखतही नव्हते. मी उत्तर देणार होते, “असू शकेल,” म्हणून, कारण असूच शकत होतं. तेवढ्यात मागून लेकीचा आवाज आला.

“काका, दोन्ही असू शकतं ना? जमीनपण आणि मुलगीपण.” ती पुढे आली. “या माझ्या मावशी आहेत, म्हणजे माझ्या वडिलांची सेकंड वाइफ. यांनी माझ्या आईचा टाक माझं लग्न होईपर्यंत गळ्यात घातला होता. आणि आमच्याकडे तर जमीनही नव्हती.”

कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. काकांनी लगेच हात जोडले. “माफ करा, ताई,” म्हणाले. मी म्हटलं, “माफी कसली? तुमचा मुद्दा अभ्यासू आहे. क्युरेटरबाईंचंही तेच मत आहे.” आणि मी सगळ्यांना पुढच्या दालनात नेलं, कारण टूरची वेळ संपत आली होती आणि लोकांना वॉशरूमला जायचं होतं.

परतताना हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. नात मागच्या सीटवर झोपली होती. लेकीने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, “मावशी, एक विचारू? तुला राग यायचा का त्याचा? टाकाचा?”

“यायचा. सुरुवातीला.”

“मला वाटलंच होतं. तू साडीत लपवायचीस.”

“तुला दिसायचं?”

“मला सगळं दिसायचं. मी रोज सकाळी उठून आधी ते बघायचे, गळ्यात आहे का. मला वाटायचं, तू एक दिवस काढून टाकशील आणि बाबांना कळणारही नाही.”

“मला माहीत होतं तू बघतेस ते,” मी म्हटलं. “म्हणून तर मी तो अंघोळीलाही काढत नव्हते.”

तिने एकदम माझ्याकडे पाहिलं, आणि मला म्हणावं लागलं, “पुढे बघ, ब्रेकलाइट लागलेत.” तिने ब्रेक मारला. विंटर टायर्सनी गाडी जागच्या जागी धरली. मग आम्ही दोघी थोडं रडलो आणि थोडं हसलो. नात जागी होऊन म्हणाली, “व्हॉट हॅपन्ड? आर वी होम?” लेकीने तिला सांगितलं, “नॉट येट. गो बॅक टू स्लीप.”

त्या रविवारी लेकीने शिरा केला. ती सहसा करत नाही. खाताना ती म्हणाली, “मी तुला आई म्हणायला पाहिजे होतं का गं? कधी मनात आलं का तुझ्या?”

मी खरं तेच सांगितलं. “मनात आलं होतं. तू कॉलेजला गेलीस तेव्हा. नंतर वाटलं, आई तुला एक होती. मावशी म्हणून मी एकटीच आहे. मला माझा शब्द आवडतो.”

“शुअर?”

“शिऱ्यात वेलदोडा कमी आहे,” मी म्हटलं. ती उठून वेलदोड्याची बाटली घेऊन आली.

वसंत आला, बर्फ गेला. क्युरेटरने मला तिच्या खोलीत बोलावलं. दालनातल्या पाट्या नव्या करायच्या होत्या आणि उमरावाच्या पाटीवर जागा फार नव्हती. तिने तीन ओळी लिहिल्या होत्या. त्यात कबर दुसऱ्या पत्नीने घडवून घेतल्याचं आणि शेजारी पहिली पत्नी असल्याचं स्पष्ट होतं. का, ते लिहिलेलं नव्हतं. तिने विचारलं, “चालेल?”

मी दोनदा वाचलं. “चालेल. का ते मी तोंडी सांगेन.”

आता नव्या व्हॉलंटिअरना ते दालन शिकवायचं काम माझ्याकडे आहे. परवा एक जण आले, हॅमिल्टनला बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ, धिप्पाड, आवाज भारदस्त. त्यांनी मजकूर चोख पाठ केला होता आणि पहिल्याच वाक्यात राजाचं सैन्य समुद्र ओलांडून निघालं होतं. मी त्यांना थांबवलं.

“सैन्याला जरा थांबू द्या,” मी म्हटलं. “आधी मुलीबद्दल सांगा. चार वर्षांची आहे, आई नुकतीच गेली आहे, आणि घरात एक नवी बाई आली आहे. तिथून सुरू करा.”

त्यांनी घसा साफ केला, कबरीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.